नदीचा कोणता काठ, ते आधी ठरवा

सांगलीच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं : “माझे यजमान सॉफ्टवेअरमध्ये आहेत. कंपनी त्यांना तीन वर्षांच्या वर्क परमिटवर कॅनडाला पाठवते आहे. मॉन्ट्रियल की ओटावा, ही निवड आमच्यावर सोडली आहे. मी बारा वर्षं नर्स म्हणून काम करते. मुलगा १३ वर्षांचा, आठवीत. मुलगी येत्या नोव्हेंबरात ६ पूर्ण करेल. दोघंही इंग्रजी माध्यमात. जमलं तर तिथेच स्थायिक व्हायचं आहे. एक जण म्हणतात, देश द्विभाषिक आहे, इंग्रजीवर सगळं भागतं. दुसरे म्हणतात, फ्रेंचशिवाय पाऊल ठेवू नका. तिसऱ्यांनी सुचवलंय, नोकरी ओटावात करा आणि पुलापलीकडे गातिनोत स्वस्तात घर घ्या. मी आत्ताच फ्रेंचचा क्लास लावू का? मुलांच्या शाळेचं काय करू?”

ताई, तिघांनीही तुम्हाला अर्धं खरं सांगितलं आहे. अर्ध्या माहितीवर भाडेकरार केला की निस्तरण्यात मुलांची वर्षं जातात, म्हणून मुळापासून सांगतो.

कॅनडा द्विभाषिक आहे म्हणजे तिथली माणसं दोन भाषा बोलतात, असं नाही. २०२१च्या जनगणनेत इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषांत संभाषण करू शकणारे लोक देशभरात १८ टक्के निघाले. क्युबेक प्रांतात ४६ टक्क्यांच्या वर, आणि क्युबेक वगळता उरलेल्या देशात १० टक्क्यांहूनही कमी. १९६९चा अधिकृत भाषा कायदा माणसांवर दोन भाषांची सक्ती करत नाही. सक्ती आहे ती केंद्र सरकारवर. पासपोर्ट, केंद्राचा आयकर, विमानतळावरची तपासणी अशा ठिकाणी, जिथे पुरेशी मागणी आहे तिथे, तुम्ही इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये बोलाल आणि उत्तर त्याच भाषेत मिळेल. १९८२च्या हक्कसनदेने हा अधिकार राज्यघटनेत नेला. तो तुमचा अधिकार आहे, तुमच्यावरची जबाबदारी नाही.

पण शाळा, दवाखाना, नर्सिंगचं लायसन्स, घरभाडं, गाडीचा परवाना, या सगळ्या रोजच्या गोष्टी प्रांताच्या हातात आहेत. दहा प्रांतांपैकी अधिकृतपणे द्विभाषिक आहे तो एकच, न्यू ब्रन्सविक. मॉन्ट्रियल ज्या क्युबेक प्रांतात आहे त्याची अधिकृत भाषा फक्त फ्रेंच. ओटावा ज्या ऑन्टारिओ प्रांतात आहे तो अधिकृत द्विभाषिक नाही. १९८६च्या कायद्याने ठरावीक भागांत, ओटावासह, प्रांतिक सेवा फ्रेंचमध्येही मिळतात, एवढंच. आपल्याकडे आयकराची नोटीस हिंदी-इंग्रजीत येते आणि तलाठ्याकडचा सातबारा मराठीत. तसाच हा प्रकार आहे.

आता नदीचं. ओटावा आणि गातिनो यांच्यामध्ये ओटावा नदी आहे आणि पुलावरून रोज हजारो लोक कामाला येतात-जातात. चालत गेलात तरी पोहोचाल. पण पुलाच्या मधोमध प्रांत बदलतो : ओटावा ऑन्टारिओत, गातिनो क्युबेकमध्ये. तुम्ही सांगलीच्या, म्हणून निपाणीचं उदाहरण पटकन कळेल : कोल्हापूरपासून फार लांब नाही, बाजारात मराठी ऐकू येतं, पण सरकारी कागद कानडीत. गातिनोचं घर स्वस्त दिसतं ते भाड्याच्या आकड्यात. ३१ डिसेंबरला तुम्ही जिथे राहता त्या प्रांताचा प्रांतिक कर लागतो, नोकरी कुठे आहे हे बघत नाहीत. म्हणजे गातिनोत राहून ओटावात काम केलं तर क्युबेकचा कर, जो ऑन्टारिओपेक्षा जास्त आहे, आणि दोन वेगळी विवरणपत्रं, एक केंद्राला, एक क्युबेकला. पगारातून मात्र वर्षभर ऑन्टारिओच्या हिशेबाने कर कापला जातो. त्यामुळे एप्रिलमध्ये विवरणपत्र भरताना फरकाची मोठी रक्कम एकदम भरावी लागते आणि नवीन कुटुंबाची पहिल्याच वर्षी तारांबळ उडते. आरोग्य कार्डही क्युबेकचं मिळेल. ते ओटावातल्या डॉक्टरांच्या खासगी दवाखान्यात सहसा चालत नाही. तिथे पैसे आधी तुम्ही भरायचे आणि मग क्युबेककडे परताव्याचा अर्ज करायचा, तोही क्युबेकच्या दराने. आणि मुलांची शाळा क्युबेकच्या नियमाने. भाड्यात वाचलेले पैसे मोजताना हे तिन्ही खर्च शेजारी मांडा.

शाळेचा नियम नीट समजून घ्या, कारण तुमच्या घरात खरा प्रश्न तोच आहे. क्युबेकमध्ये १९७७च्या फ्रेंच भाषा सनदेपासून, म्हणजे ज्याला लोक अजूनही ‘विधेयक १०१’ म्हणतात त्या कायद्यापासून, सरकारी आणि अनुदानित शाळांत माध्यमिक शिक्षण संपेपर्यंत मुलांनी फ्रेंच माध्यमातच शिकायचं आहे. इंग्रजी माध्यमाचा हक्क मुख्यत्वे कॅनडाचे नागरिक असलेल्या आणि स्वतःचं बरंचसं प्राथमिक शिक्षण कॅनडातच इंग्रजीतून घेतलेल्या आईबापांच्या मुलांना. भारतातल्या इंग्रजी माध्यमाचा इथे काही उपयोग नाही; प्रवेशाच्या खिडकीवर हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. वर्क परमिटवर तात्पुरत्या आलेल्यांच्या मुलांना इंग्रजी शाळेची सवलत मिळते, पण २०२२च्या ‘विधेयक ९६’नंतर ती जास्तीत जास्त तीन वर्षांची आहे आणि वाढवून मिळत नाही. ती आपोआप लागू होत नाही, अर्ज करून पात्रतेचा दाखला घ्यावा लागतो. तात्पुरतेपणावरच ती उभी असल्यामुळे कायम वास्तव्य मिळालं की तिचा आधारच जातो.

आता तुमच्या मुलाचं गणित करा. तो १३व्या वर्षी तिथे गेला, तीन वर्षं सवलतीत इंग्रजी शाळेत शिकला, की १६ वर्षांचा होतो. क्युबेकमध्ये माध्यमिकची पाच वर्षं असतात, साधारण १२ ते १७ या वयात. बारावी तिथे नसते, त्यापुढे सेजेप नावाचं कॉलेज. म्हणजे शेवटच्या वर्षाच्या तोंडावर, जेव्हा प्रमाणपत्राच्या परीक्षा असतात, तेव्हा त्याला फ्रेंचमध्ये जावं लागेल, आणि मागची तीन वर्षं फ्रेंच हा त्याच्यासाठी एक विषय एवढाच राहिलेला असेल. यापेक्षा वाईट वेळ शोधून सापडणार नाही. म्हणून मॉन्ट्रियलला जायचंच असेल आणि तिथेच राहायचं असेल, तर मुलाला पहिल्या दिवसापासून फ्रेंच शाळेत घाला. नवागतांसाठी ‘क्लास दाकय’ असतात, स्वागतवर्ग म्हणू या, तिथे आधी भाषा शिकवतात आणि मग नेहमीच्या वर्गात सोडतात. त्या काळात त्याचे गणिताचे गुण घसरतील. गणित विसरलेलं नसतं, शाब्दिक उदाहरण वाचता येत नसतं. घरी त्याचं गणित मराठीत किंवा इंग्रजीत चालू ठेवा, पुढच्या धड्यांसहित, म्हणजे भाषा आली की विषय तयार सापडतो. परत यायचं नक्की असेल, तीन वर्षांनी सांगली, तर मात्र सवलत घेऊन इंग्रजी शाळा हाच शहाणपणा. मॉन्ट्रियलमध्ये विनाअनुदानित खासगी इंग्रजी शाळाही आहेत, त्यांना ही अट नाही, पण फी पूर्ण तुमच्या खिशातून.

मुलीची गोष्ट अगदी वेगळी आहे. सहाव्या वर्षी मूल जी भाषा समोर येईल ती उचलतं, तिची काळजी नको. एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. ऑन्टारिओत ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होणारं मूल त्या सप्टेंबरात पहिलीत बसतं, क्युबेकमध्ये ही तारीख ३० सप्टेंबर आहे. तुमची मुलगी नोव्हेंबरातली, म्हणजे ओटावात पहिलीत आणि मॉन्ट्रियलमध्ये बालवर्गात. मॉन्ट्रियलला गेलात तर हे वर्ष मागे पडलं असं समजू नका. फ्रेंच कानावर पडायला बालवर्गासारखी जागा नाही.

ओटावात चार शाळा मंडळं आहेत : इंग्रजी सार्वजनिक, इंग्रजी कॅथलिक, फ्रेंच सार्वजनिक, फ्रेंच कॅथलिक. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ‘फ्रेंच इमर्शन’ आणि ‘फ्रेंच शाळा’ यांच्यात. इमर्शन म्हणजे इंग्रजी मंडळाच्या शाळेतला, बरेच विषय फ्रेंचमधून शिकवणारा कार्यक्रम, ज्यांच्या घरी फ्रेंच नाही अशा मुलांसाठीच आखलेला. त्याची सुरुवात १९६५मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या सँ-लाँबेर इथल्या इंग्रजी भाषक पालकांच्या आग्रहातून झाली. शिक्षक गृहीत धरतात की मुलाला एकही शब्द येत नाही, आणि पालकांशी शाळा इंग्रजीत बोलते. फ्रेंच शाळा मात्र मुळात फ्रेंच भाषक अल्पसंख्याकांसाठी आहे, हक्कसनदेच्या २३व्या कलमाने त्यांना मिळालेली. तिथे पत्रकं, पालकसभा, ऑफिसातली माणसं, सगळं फ्रेंच. नवागत कुटुंबाच्या मुलाला तिथे प्रवेश समिती घेऊ शकते, पण आईबापांपैकी कुणालाच फ्रेंच येत नसेल तर गृहपाठाच्या वहीसमोर तुम्ही रोज हतबल बसाल. तुमच्यासाठी इमर्शन योग्य.

तासांचा हिशेब बघा, म्हणजे अपेक्षा ठरवता येईल. ऑन्टारिओत आठवीच्या अखेरीपर्यंत इमर्शनच्या मुलाला किमान ३८०० तास फ्रेंचमधून शिक्षण मिळतं. कमी विषय फ्रेंचमधून शिकवणाऱ्या ‘एक्स्टेंडेड’मध्ये १२६०, आणि सगळ्यांना चौथीपासून एक विषय म्हणून सक्तीच्या असलेल्या ‘कोअर फ्रेंच’मध्ये ६००. सहाशे तासांत बहुतेक मुलं मोडकंतोडकं बोलण्यापुरती पोचतात. ३८०० तासांत फ्रेंचमधून इतिहास-भूगोल शिकतात. इमर्शनची कमजोरीही सांगायला हवी : मधल्या सुट्टीत सगळी मुलं इंग्रजीच बोलतात, म्हणून वाचन-आकलन उत्तम आणि बोलणं पुस्तकी असं होतं. त्यावर उपाय म्हणजे शाळेबाहेर खेळ किंवा पोहण्याचा वर्ग फ्रेंचमधला निवडा. गातिनो त्यासाठी जवळ आहे. नदीपलीकडे राहू नका, पण शनिवारी सकाळी जरूर जा. इमर्शनमध्ये शिरायची इयत्ता ठरलेली असते, सर्वसाधारणपणे पहिली किंवा त्याआधी. तुमची मुलगी बरोबर त्या उंबरठ्यावर आहे. वर्षभर उशीर झाला तर दार बंद होऊ शकतं, आणि सप्टेंबरच्या नोंदणीची गडबड आदल्या जानेवारी-फेब्रुवारीतच सुरू होते. बदलीची तारीख कंपनीकडून पक्की करून घेताना हे डोक्यात असू द्या.

मुलाला ओटावात नववीच्या आसपास प्रवेश मिळेल. शाळेच्या पदविकेसाठी ३० क्रेडिट लागतात आणि त्यातलं एक दुसऱ्या भाषेतल्या फ्रेंचचं असतं. बाकीची मुलं चौथीपासून शिकत आलेली असतात, म्हणून पहिल्या आठवड्यातच समुपदेशकाला सांगा की हा शून्यापासून सुरू करतो आहे. न सांगता नेहमीच्या वर्गात बसवलं की मूल महिनाभरात त्या विषयावर राग धरून बसतं. जाण्याआधी उन्हाळी सुट्टीत ६०-७० तासांची तोंडओळख झाली तरी हा ताण निम्म्यावर येतो. दोन्ही मुलांचे लसीकरणाचे दाखले इंग्रजीत तयार ठेवा, ऑन्टारिओत शाळा ते मागते. शाळेचा दाखला मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर सोबत घ्या.

आता तुमच्याकडे वळू. पत्रात तुम्ही स्वतःबद्दल एकच ओळ लिहिली आहे, पण या निर्णयात तुमचं बारा वर्षांचं नर्सिंग फार जड आहे. क्युबेकमध्ये नर्ससारख्या व्यवसायांचं लायसन्स व्यवसाय-परिषद देते आणि कामापुरतं फ्रेंच येत असल्याचा पुरावा कायद्यानेच मागितला जातो. फ्रेंच कमी पडत असेल तर वर्षभराचा तात्पुरता परवाना मिळू शकतो, ठरावीक वेळा वाढवूनही मिळतो, पण शेवटी भाषेची परीक्षा द्यावीच लागते. रुग्णाच्या फाइलमधल्या नोंदी, हँडओव्हर, रात्री दोन वाजता आलेला फोन, हे सगळं फ्रेंचमध्ये. ऑन्टारिओत इंग्रजी किंवा फ्रेंच, दोन्हींपैकी एक भाषा पुरते. परदेशी पदवीची पडताळणी आणि परीक्षा तिथेही आहेतच, पण त्यात नव्या भाषेची भर पडत नाही. आणि फ्रेंच आलं तर ओटावात त्याला मोल आहे : तिथलं मोंफोर्ट रुग्णालय फ्रेंचमधून चालतं. १९९७मध्ये प्रांताने ते बंद करायला काढलं होतं. फ्रेंच भाषकांनी न्यायालयात लढून ते २००१मध्ये वाचवलं.

स्थायिक होण्याच्या बाबतीत प्रांताची निवड आणखी बोचते. केंद्राच्या एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे गुणांनुसार फेऱ्या काढून कायम वास्तव्यासाठी निमंत्रण देणाऱ्या योजनेत, अर्ज करताना क्युबेकबाहेर राहण्याचा इरादा जाहीर करावा लागतो. मॉन्ट्रियलमध्ये घर, नोकरी, शाळा सगळं असताना कागदावर ‘टोरोंटोला जाणार’ असं लिहायचा सल्ला काही एजंट देतात. तो ऐकू नका. खोटी माहिती दिल्याचा ठपका बसला तर पाच वर्षांची बंदी येते. क्युबेकची निवड स्वतंत्र आहे आणि तिच्यात फ्रेंच हीच मुख्य शिडी.

ओटावातून केंद्राच्या मार्गाने गेलात तर फ्रेंच सक्तीचं नाही, पण फार मोठा हात देतं. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं या चारही कौशल्यांत कॅनडाच्या भाषा-मोजपट्टीवर फ्रेंचची पातळी ७ आणि इंग्रजीची किमान ५ असेल तर ५० जादा गुण मिळतात. त्याहून मोठी गोष्ट ही की २०२३पासून फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्या निघतात. २०२४मध्ये सर्वसाधारण फेऱ्या ५००च्या वर असताना २९ फेब्रुवारीच्या फ्रेंच फेरीत ३३६ गुणांवर निमंत्रण मिळालं. नेहमी इतकं खाली येत नाही, पण फरक ठळक आहे. इथे बहुतेक जोडपी एक चूक करतात : हे ५० गुण मुख्य अर्जदाराच्याच फ्रेंचचे असतात. यजमान मुख्य अर्जदार आणि फ्रेंच शिकल्या तुम्ही, तर ते गुण हातचे गेले. पती-पत्नी दोघांनाही स्वतंत्र प्रोफाइल उघडता येते. तुमच्या दोघांत शिकायला वेळ तुमच्याकडे जास्त असेल, तर मुख्य अर्जदार तुम्हीच व्हा, शिवाय आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीही वेगळ्या फेऱ्या असतात. नागरिकत्वासाठी मात्र, १८ ते ५४ वयात, दोन्हींपैकी एकाच भाषेची पातळी ४ पुरते.

तेव्हा क्लास लावू का, याचं उत्तर हो, आणि याच महिन्यात. पण कुठल्या परीक्षेसाठी ते आधी ठरवा. भारतात फ्रेंच शिकणारे बहुतेक जण डेल्फ या फ्रान्सच्या सरकारी परीक्षांची पायरी चढतात. शिकायला तो अभ्यासक्रम चांगला आहे, पण एक्स्प्रेस एंट्रीत डेल्फ चालत नाही. तिथे टेफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा या परीक्षांपैकी एकच, आणि निकाल दोन वर्षंच ग्राह्य. पातळी ७ म्हणजे युरोपीय मोजपट्टीवर साधारण बी-२, वरची मध्यम पातळी. टीसीएफमध्ये तिच्यासाठी लेखन आणि बोलणं यांत २० पैकी १० गुण लागतात, ऐकण्यात ४५८ आणि वाचनात ४५३. चारपैकी एकातही घसरलात तर बाकी तिघांचा उपयोग होत नाही.

शून्यापासून बी-२ला साधारण ५५० ते ६५० तास लागतात. आठवड्याला १२ तास, म्हणजे रोज दोन आणि एक दिवस सुट्टी, असं धरलं तर पन्नास आठवड्यांत ६०० तास होतात. ‘चार महिन्यांत बी-२’ अशी जाहिरात करणाऱ्या क्लासला पैसे देऊ नका. पहिले २०० तास उत्साहात जातात. खरी भिंत २०० ते ४०० तासांच्या मध्ये येते, जेव्हा व्याकरण माहीत असतं पण ऐकलेलं कळत नाही. याचं कारण म्हणजे आपल्याकडे शिक्षक फ्रेंच इंग्रजीतून समजावतात आणि कान तयार होत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यापासून रोज २० मिनिटं फक्त ऐका, अर्थ न लागला तरी. टीव्ही-५ मोंद या फ्रेंच वाहिनीच्या शिकणाऱ्यांसाठीच्या फुकट फिती आहेत. त्यातलं एखादं मिनिट पुन्हा पुन्हा ऐकून कागदावर उतरवा आणि मूळ मजकुराशी ताडून बघा. पुण्या-मुंबईत अलियांस फ्रांसेज या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेची केंद्रं आहेत. वर्ग सांगलीतून ऑनलाइन करता येईल, पण परीक्षेला प्रत्यक्ष केंद्रावर जावं लागेल आणि जागा लवकर भरतात.

टेफच्या तोंडी परीक्षेचे दोन भाग असतात. पहिल्यात अनोळखी माणसाकडून फोनवर माहिती काढायची, दुसऱ्यात मित्राला एखादी गोष्ट पटवून द्यायची. पहिल्यात ‘वू’, दुसऱ्यात ‘त्यू’, म्हणजे आपलं अहोजाहो आणि अरेतुरे. इंग्रजीतून विचार करणारा इथे हमखास घसरतो, मराठीतून विचार करणारा घसरायचं कारण नाही. मराठी माणसाला फ्रेंचमध्ये असे आणखी काही फायदे आहेत, ते वापरा. नामाला लिंग असतं हे आपल्याला शिकवावं लागत नाही. फक्त त्यांची लिंगं दोन आणि आपल्याशी न जुळणारी, म्हणून प्रत्येक शब्द त्याच्या ‘ल’ किंवा ‘ला’सकट पाठ करा. ऐंशीला फ्रेंचमध्ये ‘चार वीस’ म्हणतात. खेड्यातली जुनी माणसं अजून चार विसा म्हणतात, तसंच ते, आणि पंच्याण्णव म्हणजे चार विसा नि पंधरा. घरभाड्याचे आणि फोनवर सांगितलेले आकडे याच जागी चुकतात, तेव्हा ७० ते ९९ रोज मोठ्याने म्हणा. नाकातल्या स्वरांना मात्र वेळ द्या. कोकणी बोलणाऱ्यांना ते सोपे जातात, देशावरच्या माणसाला सवय नसते. आपण अनुस्वाराच्या जागी न किंवा म ऐकवतो आणि तिथेच शब्द बदलतो.

क्युबेकचं फ्रेंच कानाला वेगळं लागेल. तिथे इ आणि फ्रेंच ‘ऊ’च्या आधीचा त हा ‘त्स’ होतो आणि द हा ‘द्झ’. आपल्याकडे हे दोन्ही उच्चार आहेत : चमच्यातला च आणि जहाजातला ज. ‘त्यू’ तिथे चमच्याच्या च-ने ऐकू येतो, ‘मार्दी’ म्हणजे मंगळवार जहाजाच्या ज-ने. हे एकदा कळलं की निम्मं क्युबेक उलगडतं. शब्दांतला फरक पोटापर्यंत जातो : पॅरिसमध्ये ‘देज्यूने’ म्हणजे दुपारचं जेवण, क्युबेकमध्ये सकाळची न्याहारी. ‘दिने’ पॅरिसमध्ये रात्रीचं, क्युबेकमध्ये दुपारचं. रात्रीचं ते ‘सूपे’. शाळेच्या पत्रकात ‘दिने’चे पैसे भरा असं आलं तर ते दुपारच्या डब्याच्या वेळेचं असतं.

तरीही मॉन्ट्रियलच ठरलं, तर मोडून-तोडून नाही, पूर्ण मनाने फ्रेंच धरा. ‘मॉन्ट्रियलमध्ये इंग्रजीवर जगता येतं’ हे दुकानापुरतं खरं आहे. प्रांताची खाती नवागताशी पहिले सहा महिने दुसऱ्या भाषेत बोलू शकतात, त्यानंतर फ्रेंच. आरोग्य, सुरक्षितता आणि न्याय यांसारखे अपवाद आहेत, त्यामुळे आजारपणात कुणी तोंडावर दार लावेल ही भीती नको. २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना १ जून २०२५पासून कामकाज फ्रेंचमध्ये चालवण्याच्या नोंदणीत यावं लागतं. यजमानांची टीम इंग्रजी बोलेल, पण बढतीच्या बैठका आणि कागद फ्रेंचकडे झुकतील. फ्रांसिझास्याँ क्युबेक या सरकारी सेवेचे वर्ग फुकट असतात, वर्क परमिटवाल्यांनाही. जागा मर्यादित, म्हणून पोहोचताच नाव घाला. उलट ओटावात केंद्राचे फुकट भाषावर्ग कायम वास्तव्य मिळाल्यावरच खुले होतात, तोवर फी भरावी लागेल. आणि दुकानात, बसमध्ये सुरुवात ‘बोंजूर’ने करा. क्युबेकच्या विधानसभेने २०१७मध्ये दुकानदारांना फक्त ‘बोंजूर’ म्हणायचं आवाहन करणारा ठराव एकमताने केला, इतकी ही गोष्ट तिथे मनाला लागलेली आहे. समोरचा तुमची अडचण ओळखून इंग्रजीवर येतो. तेव्हा शिकते आहे, फ्रेंचमध्येच बोला, असं सांगितलंत तर बहुतेक जण थांबून, सावकाश बोलतात.

केंद्र सरकारच्या नोकरीचं आकर्षण ओटावात सगळ्यांनाच असतं, त्याविषयी थोडक्यात. पदाच्या जाहिरातीत ‘सी-बी-सी’सारखी अक्षरं दिसतील : वाचन, लेखन, बोलणं या क्रमाने, ए सर्वांत खालचं आणि सी सर्वांत वरचं अशा अर्थाने. द्विभाषिक पदाला वर्षाला ८०० डॉलरचा भत्ता आहे, तोही १९७७पासून न वाढलेला, त्यामुळे त्याच्यासाठी कुणी शिकू नये. शिकायचं ते पदासाठी. इंग्रजी पुरेशी असलेली पदंही आहेत, विशेषतः संगणकाच्या कामात.

घरात मात्र मराठीच ठेवा. मुलांना लवकर यावं म्हणून घरी तुटकं फ्रेंच बोलू नका. तुमच्या चुका त्यांच्या तोंडी बसतात आणि आजीशी बोलायची भाषा जाते. शाळा फ्रेंच शिकवेल, इंग्रजी अंगणात येईल. ऑन्टारिओत पुरेशा पालकांनी लेखी मागणी केली तर शाळा मंडळं शनिवारी किंवा संध्याकाळी इतर भाषांचे वर्ग चालवतात. ओटावातल्या मराठी कुटुंबांना जोडून घेतलंत तर ती मागणी करता येईल.

तुमच्या घरासाठी आमचं मत : ओटावा, नदीच्या ऑन्टारिओच्या काठावर घर, मुलगी इमर्शनमध्ये, मुलगा इंग्रजी शाळेत, आणि फ्रेंचचा खरा अभ्यास तुम्ही करायचा. या आठवड्यात यजमानांना कंपनीला तीन प्रश्न लेखी विचारायला सांगा. कामाचं ठिकाण वर्क परमिटवर कोणत्या प्रांतातलं लिहिलं जाणार आहे? कायम वास्तव्याच्या अर्जाला कंपनी मदत करणार असेल तर कोणत्या मार्गाने, केंद्राच्या की क्युबेकच्या? आणि रुजू व्हायची तारीख जुलैअखेरच्या आधी आणता येईल का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं, तर त्याच दिवशी ओटावाच्या शाळा मंडळाला ई-मेल करून विचारा की ऑक्टोबरात आलेल्या मुलाला पहिलीच्या इमर्शन वर्गात जागा देतात का, आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.